रिकामा मिक्सर

मोठे दीर आनंददादा रायपूरहून आले ते गाडीची डिकी रिकामी ठेवून, आणि ते पाहिलं तेव्हा प्रणिताला परवा ऐकलेलं खरं वाटलं. दरवर्षी त्या डिकीत जाऊबाई मीनलताईंचं अर्धं घर यायचं. केळीचे खांब, फुलोऱ्याचे डबे, जास्तीची ताटं, पाहुण्यांच्या गाद्या. यंदा आत एक जुनी गोधडी तेवढी चौघडी करून अंथरली होती, आणि तिचा मधला भाग दाबून जरा खोलगट केला होता. पेटी बरोबर बसेल एवढा.

पेटी म्हणजे महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांची. सासरे नरहरराव कारखान्यात लागले तेव्हा वळकटीसोबत ही पेटी काखोटीला मारून चांदूरहून भिलाईला उतरले होते, आणि तेव्हापासून ज्येष्ठा-कनिष्ठा या दोघीही जणू प्लांटच्याच नोकरीत होत्या. क्वार्टर बदललं की त्यांची बदली. नरहरराव रिटायर झाले, धाकटा मुलगा श्रीधर अकाउंटमध्ये लागलेलाच होता, त्याच्या नावावर सेक्टर दहाचं क्वार्टर मिळालं, त्या तिकडे आल्या. भाद्रपदात पेटी माळ्यावरून उतरायची, तीन दिवस दोघी मानाने जेवायच्या-खायच्या, आणि पेटी पुन्हा माळ्यावर. यंदा उद्याचं विसर्जन झालं की पेटी रायपूरला जाणार होती. कायमची.

सुशीलाबाईंनी हे प्रणिताला परवा सांगितलं, ज्वारी निवडता निवडता, मान वर न करता. मोठ्या सुनेच्या घरी जायलाच पाहिजे कधी ना कधी, तिचाही मान आहे, वगैरे. प्रणिताने विचारलं, मीनलताईंनी मागितलं का. सासूबाई म्हणाल्या, नाही. मग दादांनी? तर नाही. ज्वारीतला खडा बाजूला टाकत त्या म्हणाल्या, "श्रीधरच म्हणाला मले. गेल्या वर्षीचं पाहून."

नवऱ्याने परस्पर आईला सांगितलं, बायकोला नाही. प्रणिताला राग त्याचा आला. देव कुठे बसतात हा भाग निराळा. हे म्हणजे त्याने स्वतःलाच घरातून एक पायरी खाली उतरवून घेणं होतं, आणि ती पायरी उतरताना बायकोला हात मागितला नाही.

गेल्या वर्षीचं खरं तर असं होतं. आजाराचं इंग्रजी नाव लांबलचक आणि जड. घरात त्याला नुसतं 'पोट' म्हणत. पोट बरं आहे, पोट उठलं. मुलगा पार्थ बालवाडीत असताना ते लागलं आणि आता पार्थ कॉलेजात होता. आतड्याला आतून जखमा होतात, रक्त पडतं, औषधाने शांत होतं, महिने-महिने माणूस बरा फिरतो आणि मग एखाद्या सकाळी काही कारण नसताना पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. उठलं की उठलं. मग तिथे थांब म्हणायला सवड नाही. आता महालक्ष्मीच्या जेवणाच्या दिवशी घरच्या कर्त्याने उपाशी राहायचं, सोवळ्यात बसायचं, आणि पूजा संपेपर्यंत पाटावरून हलायचं नाही. गेल्या वर्षी श्रीधर मधेच उठला. उठला की पुन्हा अंघोळ, पुन्हा सोवळं, पुन्हा संकल्प. असं झालं तीनदा. नैवेद्याला दिवेलागण झाली, आणि सवाष्ण म्हणून आलेल्या नूतनताई, ज्यांना शुगर, त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. कोणी काही बोललं नाही. न बोलणंच श्रीधरला लागलं असावं.

आज सकाळी आंबील ढवळताना प्रणिता हे सगळं आठवत होती. पलीकडे मीनलताई पुरण वाटत होत्या. पाट्यावर, कारण या दिवशी पुरणाला मिक्सर लावलेला सुशीलाबाईंना चालत नसे. मिक्सर ओट्याच्या कोपऱ्यात होता, रिकामं भांडं डोक्यावर लावून तयार. मीनलताईंनी त्याच्याकडे दोनदा पाहिलं.

"तू मनाला लावून घेऊ नको," त्या म्हणाल्या. "तुलेच सुटल्यासारखं होईल. एवढं घरात आजारपण, त्यात हे सोवळं."

प्रणिताने कप विसळताना एक उत्तर तयार करून ठेवलं होतं. ते तिने दिलं. "घरात आजारपण आहे म्हणून देव बाहेर न्यायचा का ताई?"

मीनलताईंचा वरवंटा थांबला. त्या भांडतील असं वाटलं होतं. प्रणिता त्या तयारीतच होती. पण त्यांनी मागे वळून पाहिलं, बाहेर कोणी नाही याची खात्री केली आणि आवाज खाली आणला. त्यांच्या लेकीचं, उन्नतीचं पोट बिघडून राहिलं होतं. पाऊस लागला तेव्हापासून. पुण्याला नोकरीत बाहेरचं खाते म्हणून असेल, असं पहिले वाटलं.

"रक्त?" प्रणिताने विचारलं.

"तुले कसं कळलं?"

"तुम्ही आवाज लहान केला."

सोमवारी तपासणी होती. दादांनी आपली स्वतःची तपासणी तर मागेच कधी तरी करून घेतली होती, बायकोलाही नंतर सांगितलं. धाकट्याला झालं, आपल्यालाही असेल, ही भीती त्यांनी इतकी वर्षं पोटात ठेवली होती, आणि आता ती भीती पोरीकडे वळली होती. "मी म्हटलं," मीनलताई पुरणाकडे पाहत म्हणाल्या, "एकदा त्या दोघी माझ्या घरी बसू दे. समोर बसवून विचारते त्यांना, माझ्या पोरीनं काय केलं होतं म्हणून."

रागाला बसायला जागाच उरली नाही. प्रणिताने आंबिलीखालचा गॅस बारीक केला. जे ठाऊक होतं तेच तोंडात आलं. तपासणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायचं पाणी देतात ना, ते गार करून द्या, वास कमी लागतो. पाठोपाठ लिंबाची फोड चोखायला द्या. आणि तिच्या खोलीबाहेर बसून राहू नका; आपण दाराबाहेर बसलो की आतल्या माणसाला लाज वाटते. काही तरी आवाज करत राहा.

"कसला आवाज?"

"कसलाही," प्रणिता म्हणाली, आणि विषय तिथेच सोडला. ती गोष्ट तिने आजवर कोणाला सांगितली नव्हती.

गोष्ट अशी होती. क्वार्टरची मोरी-संडास एकच, आणि ते बैठकीच्या भिंतीला लागून. पहिल्या वर्षी एकदा पाहुणे बसले असताना श्रीधर आत गेला, आणि बैठकीत सगळं ऐकू आलं. पाहुणे सभ्य, त्यांनी छताचा पंखा न्याहाळला. श्रीधर बाहेर आला तो त्यांच्या नजरेला नजर न देता सरळ आतल्या खोलीत, आणि पाहुणे जाईपर्यंत बाहेर आला नाही. पुढच्या वेळी तो उठला तेव्हा प्रणिताने काय केलं, तर स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावला. भांड्यात काही नव्हतं. तेव्हापासून तो लागतच आला. दोन मिक्सर त्यात जळाले. दुरुस्तीवाला म्हणायचा, भाभीजी, खाली मत चलाओ. श्रीधर जेवताना म्हणायचा, आपल्या घरी मिक्सर लई चालते, पानात चटणी काही येत नाही. ती म्हणायची, तुमाले तिखट मना आहे, आम्ही तुमच्यापासून चोरून खातो.

ते मात्र खोटं होतं. घरात तिखट कोणीच खात नव्हतं. नरहरराव, ज्यांचा सावजी रश्श्यावाचून रविवार जात नसे, त्यांनी एका दिवशी ताट पुढे ओढून सांगितलं, "वयानुसार मलेही आता झेपत नाही," आणि फिकं वरण मुकाट्याने भुरकलं. पुढे कधी तरी ते सिविक सेंटरला ठेल्यावर मिरचीभजी खाताना पार्थला सापडले. पार्थही तिथे त्याच कामाला गेला होता. दोघांनी एकमेकांना पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

गुरुजी भिलाई-तीनहून यायचे होते. त्यांच्या आधी नरहररावांनी बैठकीत सगळ्यांना बोलावलं. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ते खुर्चीतच बसत, पण बोलत अजून शिफ्ट इनचार्जसारखे. म्हणाले, उद्याचं उद्या पाहू, पेटी कुठं जाते ते. आजची पूजा या घरची आहे आणि आज पाटावर श्रीधरच बसेल.

श्रीधर दाराला टेकून उभा होता. त्याचं पोट या आठवड्यात उठलेलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "बाबा, दादा बसेल ना. मी मधून उठलो की पुन्हा सगळ्यांचे हाल."

आनंददादांनी, मी बसतो, त्यात काय, असं म्हणायला तोंड उघडलं. नरहररावांनी हात वर केला.

"ब्लास्ट फर्नेसवर माणूस मधून उठत नव्हता का? लघवीले जात नव्हता? पण रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडत नव्हता. एवढाच नियम. भट्टी थंडी होत नव्हती." त्यांनी पार्थकडे बोट केलं. "हा अंघोळ करून, सोवळं नेसून बापाच्या मागं बसेल. श्रीधर उठला, हा बसला. श्रीधर आला, हा उठला. संकल्प एकाचाच."

"गुरुजी मानतील?" मीनलताईंनी विचारलं. त्यात खोच नव्हती; त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

गुरुजी आल्यावर त्यांना विचारलं. त्यांनी पंचांगाची पिशवी खाली ठेवली, पाय धुतले, आणि म्हणाले की पोरगा बापाच्या जागी बसतो याला शास्त्र कशाला विचारायचं, तेच तर शास्त्र आहे. मग जरा थांबून म्हणाले, पण धोतर नेसता येतं का याला?

पार्थ म्हणाला, "यूट्यूब पे देख लिया है." आणि कंबरेला बेल्ट लावून ते पक्कं केल्याचं दाखवलं. आजीने कपाळाला हात लावला.

उपासाचा प्रश्न सुशीलाबाईंनी आधीच सोडवला होता, आणि तोही कोणाला न विचारता. स्टेरॉईडची गोळी उपाशीपोटी घेता येत नाही. सकाळी कोणी उठायच्या आत त्यांनी मऊ भाताची पेज करून श्रीधरच्या हातात वाटी दिली होती. तो म्हणाला, आई, आज उपास. जन्मभर एकादशीला पाणीसुद्धा मोजून पिणारी ती बाई म्हणाली, "औषधाले कुठला उपास? गोळीले लागते ते गोळीच्या खात्यात." प्रणिताने हे दाराआडून पाहिलं होतं, आणि तेव्हा तिला वाटलं होतं, मग तुम्ही पेटी कायले देऊन राहिल्या आई?

दुपार कलायला लागली तशी पूजा सुरू झाली. दोघी बहिणी मखरात उभ्या, नाकात नथी, अंगावर गेल्या दिवाळीच्या साड्या, पुढ्यात त्यांची बाळं. वर फुलोरा टांगलेला. तळण, पुरण, कढी आणि झेंडूचा असा एक वास भरलेला की पोट भरलेल्या माणसालाही भूक लागावी. बैठकीत सवाष्णी बसल्या होत्या. नूतनताईंना यंदा आधीच दोन बिस्किटं खायला घातली होती. व्हरांड्यात शालिकराम बसले होते, नरहररावांचे भट्टीवरचे जुने सोबती, शेजारच्या क्वार्टरचे. महालक्ष्मीचं जेवण त्यांनी कधी चुकवलं नव्हतं.

श्रीधर पाटावर. उजव्या हाताला प्रणिता, तिचं बोट त्याच्या कोपराला लावलेलं. नवरा पूजा करतो तेव्हा बायको असा हात लावते, म्हणजे पुण्य दोघांना मिळतं. प्रणिता मात्र त्या बोटाने त्याच्या पोटाचा अंदाज घेत होती. स्नायू कुठे ताठतो, श्वास कुठे अडतो. मागे पार्थ, पट्टा आवळून. श्रीधर नीट बसला होता. पंचामृत झालं, गंध झालं, फुलं झाली. गुरुजी पत्रीची नावं घेत होते, आघाडा, दूर्वा, बेल, आणि तो एकेक पान वाहत होता.

आणि एकदम तो पुढे वाकला. हात पोटाकडे गेला, तोंड वाकडं झालं.

पुढचं सगळं एका दमात झालं. प्रणिता कधी उठली आणि कधी स्वयंपाकघरात पोचली हे तिचं तिलाच कळलं नाही. मिक्सर सुरू झाला. बैठकीत नरहरराव जोरात खोकायला लागले आणि खोकता खोकताच गुरुजींना ओरडून विचारायला लागले की यंदा अधिक महिना कुठं येऊन राहिला. पार्थने घंटा उचलून वाजवायला घेतली, दुसऱ्या हाताने शंख, आणि त्याला शंख वाजवता येत नव्हता, त्यामुळे त्यातून म्हशीसारखा आवाज निघाला. सुशीलाबाईंनी आरती धरली, मधल्याच कडव्यापासून. आणि बाहेर, व्हरांड्याशी, शालिकरामांनी आपली जुनी स्कूटर किक मारून चालू केली आणि उभ्या जागी रेस देत राहिले.

या सगळ्याच्या मध्ये श्रीधर पाटावर बसून होता.

"अरे," तो म्हणाला. कोणाला ऐकू गेलं नाही. मग त्याने हात वर केला, रस्त्यावरचा पोलीस करतो तसा. "अरे, मी बसलो आहे. इथंच आहे. पायाले मुंग्या आल्या."

आरती थांबली. घंटा थांबली. नरहररावांचा खोकला, जो खोटा होता, आता खरा झाला. मिक्सर सर्वांत शेवटी थांबला, कारण प्रणिताला मिक्सरमुळे काही ऐकू येत नव्हतं. बैठकीत शांतता आहे हे तिला दारात येऊनच दिसलं. स्कूटर अजून चालूच होती. नूतनताईंनी खिडकीतून हात हलवला तशी तीही विझली. शालिकराम आत डोकावले. "का होगे भैया? निकल गे का?" श्रीधर बाहेर आला का, असं त्यांना विचारायचं होतं.

श्रीधरने त्यांच्याकडे पाहिलं. मग बापाकडे, आईकडे, मागे वळून पोराकडे. सावकाश, ताळेबंद तपासतो तसं. आजवर हे सगळं व्हायचं तेव्हा तो दाराच्या आत असायचा. त्याला नुसता आवाज यायचा. आज पहिल्यांदा तो आवाजाच्या या बाजूला बसला होता.

"मले वाटायचं," तो हळू म्हणाला, "आपलं घरच गलबल्याचं आहे."

पार्थ शंखाच्या तोंडाकडे पाहत होता. सुशीलाबाईंनी पदराने नाक पुसलं आणि धुरामुळे होतं असं म्हणाल्या. धूर कुठेच नव्हता.

"आणि मिक्सर?" श्रीधरने बायकोला विचारलं.

"चालत होता," प्रणिता म्हणाली.

"रिकामा?"

तिची मोठी चोरी पकडली गेली होती, आणि खरं सांगायचं तर एकटीची चोरी म्हणून तिने ती जपली होती. खोकला हा म्हातारपणाचा आणि घंटा ही पोराची खोडी, असं तिने इतकी वर्षं धरलं होतं. कोणी कोणाशी एक शब्द बोललं नव्हतं, कधी ठरवलं नव्हतं. आणि घरातलं प्रत्येक माणूस, वर शेजारचं एक, आपापल्या परीने त्या दारावर पडदा धरून उभं होतं.

गुरुजींनी घसा साफ केला. "दूर्वा," ते म्हणाले.

श्रीधरने दूर्वा वाहिल्या. प्रणिता येऊन बाजूला बसली, पुन्हा बोट कोपराला लावलं. पान, फूल, पान. आनंददादा भिंतीशी उभे होते, ते खाली बसले, धाकट्या भावाच्या पाठीमागे, पार्थच्या शेजारी. मीनलताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांची नजर एकेका माणसावरून फिरत होती.

आणि धूप दाखवायच्या वेळी ते खरंच उठलं.

प्रणिताच्या बोटाला ते आधी कळलं. श्रीधरने धुपाटणं खाली ठेवलं. या वेळी तो चोरासारखा उठला नाही. सरळ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी जाऊन येतो. पार्थ, बस रे माझ्या जागी." पार्थ बसला. बेल्ट आवळला, धुपाटणं उचललं, गुरुजींनी मंत्र सोडला नव्हता तो तिथून पुढे चालू ठेवला, हलक्या आवाजात.

दार लागलं.

आता आवाज करायची कोणाचीच छाती होईना. आताच तर सगळे पकडले गेले होते. नरहररावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. सुशीलाबाईंनी हातातली फुलवात पिळत ठेवली. शालिकराम आत येऊन सतरंजीवर बसले होते, मान खाली. त्यांची स्कूटर बाहेर गप्प. सवाष्णी एकमेकींकडे पाहत नव्हत्या. भिंतीपलीकडून पहिला आवाज आला. प्रणिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उठावं तर तिचं बोट आता पार्थच्या कोपराला होतं, आणि पूजा चालू होती. ती देवीच्या मुखवट्याकडे पाहत राहिली आणि मनात म्हणाली, बायांनो, तुम्ही तरी काही करा.

स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला.

प्रणिताने डोळे मिटले, उघडले. मी इथं आहे. सासूबाई इथं. बाबा खुर्चीत. पार्थ पाटावर. दादा त्याच्या मागे, तेही मान वळवून पाहत होते. स्वयंपाकघराच्या दारातली जागा रिकामी होती. मिक्सर थांबला, पुन्हा लागला, मग थांबून थांबून, जाड काही वाटताना लावतात तसा. लावणाऱ्या हाताला अजून त्याची लय माहीत नव्हती. फार वेळ चालला. या घरात याआधी कधी इतका वेळ चालला नसेल.

सुशीलाबाईंनी फुलवात निरांजनात ठेवली. स्वयंपाकघराकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मोठ्या मुलाला म्हणाल्या, "आनंद, गाडीतली गोधडी काढून आण उद्या. माळ्यावर पेटीच्या खाली घालू. दरवर्षी खालून घासते बिचारी."

आनंददादा हो म्हणाले. नरहरराव खुर्चीत जरा सरळ झाले आणि कोणी पाहत नाही असं समजून डोळ्यावरचा चष्मा काढून उगाच पुसला.

श्रीधर अंघोळ करून, दुसरं सोवळं नेसून आला तोवर पार्थने धूप आणि दीप दोन्ही उरकले होते, आणि गुरुजी त्याला शाबास म्हणत होते. बापाला पाहताच पोरगा उठला, बाप बसला. नैवेद्याची ताटं यायला लागली. आंबील, पुरण, सोळा भाज्यांची ती भाजी. ऊन अजून व्हरांड्यातच होतं. मीनलताई ताट घेऊन आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि पदर खोचलेला. ताट मखरापुढे ठेवताना त्या क्षणभर तिथेच वाकून राहिल्या. काय मागितलं ते प्रणिताला ठाऊक होतं, आणि तिनेही मनातल्या मनात तेच मागितलं.

श्रीधरने ताटाभोवती पाणी फिरवलं. मग मान वळवली. त्याचे केस ओले होते, चेहरा दमलेला, पण डोळ्यांत कित्येक महिन्यांत न दिसलेलं काही तरी होतं.

"वहिनी," तो म्हणाला, "लई वाटून राहिल्या होत्या. झाली का चटणी?"

मीनलताईंनी पदर सोडून घाम पुसला.

"झाली," त्या म्हणाल्या. "पण तुले नाही देणार. तिखट आहे."